खळ्यावरचा हिशेब

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसले घराण्याचा प्रदीर्घ शिलालेख आठवतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. १८५५ साली इंग्रजांनी ते संपुष्टात आणले. मधल्या काळात तेथे ग्रंथ जमले, नाटके लिहिली गेली, संगीत वाढले, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) नव्या विद्यांच्या शाळाही काढल्या. हे सारे वैभव कशाच्या बळावर उभे होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर कावेरीकाठच्या भातशेतीत आहे. तंजावरच्या मोडी दप्तरांत राजवाड्याच्या आणि अन्नछत्रांच्या जमाखर्चाच्या नोंदी आहेत. छत्रांचा खर्च ज्यांतून चाले त्या जमिनींत प्रामुख्याने भातच पिकत असे. धान्य आले किती, खर्च झाले किती आणि शिल्लक किती, हे लिहून ठेवणारा दप्तरदार आपल्या परीने शेतीच्या व्यवसायाचे व्यवस्थापनच करीत होता.

आज ‘कृषी व्यवसाय व्यवस्थापन’ या नावाने हा विषय विद्यापीठांत शिकवला जातो. पीक कसे घ्यावे हे कृषिविद्या सांगते. हे पीक घ्यावे की नाही, त्यासाठी पैसा कोठून आणावा, ते केव्हा, कोणाला आणि कोणत्या अवस्थेत विकावे, आणि अपेक्षेप्रमाणे घडले नाही तर नुकसान कोणी सोसावे, हे प्रश्न या विषयात येतात. तंजावरच्या भाताच्या आधाराने ते समजून घेणे सोपे जाते.

धरणाची तारीख

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे वेळापत्रक सेलम जिल्ह्यातील मेट्टूर धरणावर अवलंबून असते. हे धरण १९३४ साली पूर्ण झाले. दरवर्षी १२ जून रोजी त्याचे दरवाजे उघडावेत असा प्रघात आहे. तेथून निघालेले पाणी काही दिवसांनी कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी पोहोचते. परंपरा या बंधाऱ्याचे श्रेय करिकाल चोळ राजाला देते. येथून पाणी निरनिराळ्या फाट्यांत आणि कालव्यांत वाटले जाते. जून-जुलैत लावलेले अल्प मुदतीचे भात ‘कुरुवै’ म्हणून ओळखले जाते. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येते. अधिक मुदतीचे ‘सांबा’ जानेवारी-फेब्रुवारीत निघते. कुरुवै काढून त्याच शेतात घेतलेल्या दुसऱ्या भाताला ‘ताळडी’ म्हणतात.

१२ जूनचा हा प्रघात दरवर्षी पाळता येतोच असे नाही. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे धरण त्या दिवशी उघडता आले नाही. २०२० साली ते वेळेवर उघडले, तर २०२२ साली पाणी मुबलक असल्यामुळे २४ मे रोजीच सोडण्यात आले. २०२३ साली दरवाजे वेळेवर उघडले, पण पुढे पाणी कमी पडले आणि कुरुवैच्या पिकाला झळ बसली. पाणी उशिरा आले तर शेतकऱ्यापुढे दोन वाटा उरतात. कुरुवै सोडून द्यायचे आणि केवळ सांबा घ्यायचे, किंवा विहिरीच्या पाण्यावर रोपे तयार करून जोखीम पत्करायची. पहिल्या वाटेत एका पिकाचे उत्पन्न निश्चितपणे बुडते. दुसरीत बियाणे, मजुरी आणि विजेसाठी घातलेला पैसा बुडण्याचा संभव असतो. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात याला अनिश्चिततेतील निर्णय असे म्हणतात. शेतकरी तो निर्णय दरवर्षी घेतोच. पुस्तक त्याला आकड्यांत मांडायला शिकवते, इतकाच फरक.

ओल्या भाताची प्रयोगशाळा

१९६०-६१ साली सरकारने सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी प्रथम निवडलेल्या सात जिल्ह्यांत तंजावर होता. सुधारित बियाणे, खत आणि कर्ज एकत्र पुरवून उत्पादन वाढवायचे, अशी ती योजना होती. आडुतुरै येथे १९२२ पासून चालत आलेल्या भात संशोधन केंद्राने याच दशकात ‘एडीटी-२७’ ही लवकर तयार होणारी जात दिली आणि कुरुवैचे उत्पादन वाढले.

परंतु वाढलेले पीक नेमके ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर कापणीला येऊ लागले. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने येथे लक्षात घ्यावी. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास खळे कोरडे होते, तंजावरला तेव्हा आभाळ भरून येते. कापलेले भात वाळवायला ऊन नाही, ओले ठेवले तर ते तापते, त्याला मोड येतात, तांदूळ पिवळा पडतो. शेतात जे कमावले ते खळ्यावर गमावण्याची वेळ आली. या अडचणीतून १९६७ साली, तेव्हा तंजावर जिल्ह्यात असलेल्या तिरुवारूर येथील आधुनिक भातगिरणीत एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् यांचे मार्गदर्शन तिला लाभले. मीठ आणि तूस यांच्या साह्याने ओल्या भातातील पाणी ओढून घेण्यासारखे, खेड्यात करता येतील असे उपाय तेथे शोधले गेले. १९७२ साली हे केंद्र तंजावरला आले. पुढे त्याचा विस्तार होत गेला आणि २०२१ साली संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. तिच्या आजच्या नावात अन्न तंत्रज्ञानाबरोबर ‘उद्योजकता’ आणि ‘व्यवस्थापन’ हे दोन शब्द आले आहेत. ते केवळ शोभेसाठी आले असे म्हणता येणार नाही. धान्य कसे वाळवावे हे कळल्यावर ते वाळवणे परवडते का, हा प्रश्न येतोच.

वाळवावे की विकावे?

पूर्वी या भागात भात ‘कलम’, ‘मरक्काल’, ‘पडी’ अशा मापांनी मोजत. मापात आकार दिसतो, वजन दिसत नाही. काट्यावर वजन दिसते, परंतु त्यात धान्य किती आणि पाणी किती हे काटा सांगत नाही. त्यासाठी आर्द्रतामापक लागतो. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर हमीभावाने भात घेताना आर्द्रतेची नेहमीची मर्यादा १७ टक्के असते. पाऊस लांबला की ती वाढवण्याची मागणी होते. २०२३ च्या फेब्रुवारीत अवकाळी पावसानंतर केंद्र सरकारने ती २० टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.

आता एक हिशेब करून पाहू. त्यातील दर समजण्यापुरते घेतले आहेत. एका शेतकऱ्याजवळ १००० किलो, म्हणजे ४० किलोची २५ पोती भात आहे. त्याची आर्द्रता २२ टक्के आहे. याचा अर्थ त्यात २२० किलो पाणी आणि ७८० किलो कोरडा भाग आहे. वाळवून आर्द्रता १७ टक्क्यांवर आणली तर कोरडा भाग तेवढाच राहतो, मात्र तो आता एकूण वजनाच्या ८३ टक्के होतो. ७८० ला ०.८३ ने भागले की सुमारे ९४० येतात. म्हणजे ६० किलो वजन घटले. व्यापारी खळ्यावर येऊन ओले भात किलोला २० रुपयांनी घेण्यास तयार आहे. त्याचे २०,००० रुपये होतात. वाळवलेल्या भाताला केंद्रावर २३ रुपये मिळतील, तर ९४० किलोचे २१,६२० रुपये होतील. मजुरी, ताडपत्री आणि वाहतूक यांचे ९०० रुपये वजा केले की ७२० रुपये अधिक उरतात.

येथे थांबणारा विद्यार्थी ‘वाळवावे’ असे उत्तर लिहितो. खळ्यावरचा माणूस मात्र आभाळाकडे पाहतो. वाळत घातलेल्या भातावर पाऊस पडला आणि ते खराब झाले, तर त्याला किलोला १५ रुपयेच मिळतील. मग हाती १५,००० रुपये येणार, त्यांतून ९०० रुपये खर्च आधीच झालेला. ओले भात त्याच दिवशी विकले असते त्यापेक्षा ५,९०० रुपये कमी. दहा वेळा वाळवण घातले आणि एकदा पावसाने गाठले, तर नऊ वेळांचा ६,४८० रुपयांचा फायदा त्या एका नुकसानीनंतर ५८० रुपयांवर येतो. दहांपैकी दोनदा गाठले, तर एकूण ६,०४० रुपयांचा तोटा होतो. ओले भात पडत्या दराने विकणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरवण्यापूर्वी हा हिशेब करावा. त्याच्या निर्णयामागे पुष्कळदा पावसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो. शिवाय सावकाराची किंवा सोसायटीची मुदत जवळ आली असेल, तर आज हाती येणारे २०,००० रुपये चार दिवसांनंतरच्या अधिक रकमेपेक्षा त्याला मोलाचे वाटतात. घाईने कडक उन्हात वाळवण्यातही धोका असतो. दाण्याला चिरा पडतात आणि गिरणीत तांदळाची कणी होते.

विद्यापीठात काय शिकवतात?

मद्रासजवळील सैदापेट येथे १८६८ साली सुरू झालेली कृषिशाळा १९०६ साली कोइंबतूरला गेली, आणि १९७१ साली तेथे तमिळनाडू कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवी या विद्यापीठाने सुरू केली. हैदराबादची ‘मॅनेज’ आणि पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था यांत पदवीनंतरचे शिक्षण मिळते. अभ्यासक्रमात उत्पादनाचे अर्थशास्त्र, हिशेबनीस, विपणन, कृषिवित्त, विमा, सहकार, संख्याशास्त्र आणि कायदे हे विषय असतात. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी खेड्यात राहतात. अनेकांना याच काळात पहिल्यांदा कळते की, पुस्तकातील ‘उत्पादक’ हा एकच माणूस नसतो. जमीनमालक, कुळ आणि मजूर या तिघांचे हिशेब वेगळे असतात, आणि एकाचा नफा कधी दुसऱ्याचा खर्च असतो.

या शिक्षणाची एक उणीवही सांगितली पाहिजे. बियाणे, खते आणि औषधे विकणाऱ्या कंपन्यांत पदवीधरांना नोकऱ्या मिळतात, म्हणून विक्रीचे शास्त्र उत्साहाने शिकले जाते. शेतकऱ्याच्या बाजूने खरेदी कशी करावी, याकडे तितके लक्ष जात नाही.

दीर्घ मुदतीच्या पिकांचे व्यवस्थापन हा तर वेगळाच अध्याय आहे. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेस पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी या भागांत नारळाच्या बागा आहेत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गजा’ चक्रीवादळाने तेथील असंख्य झाडे मुळासकट उपटली. भात बुडाले तर पुढल्या हंगामात पुन्हा लावता येते. नारळाचे नवे रोप फळाला येण्यास जातीनुसार चार ते सात वर्षे लागतात. तेवढ्या वर्षांचे घरखर्च, मुलांची शिक्षणे आणि कर्जाचे हप्ते कशातून भागवायचे? अशा बागाईतदाराला उत्पन्नाच्या सरासरीचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. पैसा कोणत्या महिन्यात येणार आणि कोणत्या महिन्यात जाणार, याचा तक्ता त्याला लागतो. आंतरपीक कोणते घ्यावे हे त्या तक्त्यातील रिकाम्या जागा पाहून ठरते.

दहा जणांची कंपनी

एकट्याला न पेलणारी जोखीम अनेकांनी वाटून घ्यावी, ही कल्पना सहकारामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना ‘उत्पादक कंपनी’ काढता येऊ लागली. त्यासाठी किमान दहा उत्पादक लागतात. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ने या मार्गाने द्राक्षांची निर्यात आणि टोमॅटोची प्रक्रिया उभी केली. तंजावरच्या शेतकऱ्यांनी अशी कंपनी काढून भात वाळवण्याचे यंत्र घ्यायचे ठरवले, तर मघाच्या हिशेबातील पावसाची भीती जाते. तिच्या जागी कर्जाचा हप्ता येतो, आणि तो पाऊस नसलेल्या वर्षीही भरावा लागतो. समजा, हप्ता आणि देखभाल मिळून वर्षाला २,१६,००० रुपये लागतात. इंधन, मजुरी आणि वाहतुकीचा खर्च टनामागे पूर्वीइतकाच, ९०० रुपये, धरला तर टनामागे ७२० रुपये उरतात. २,१६,००० ला ७२० ने भागल्यास ३०० येतात. वर्षाला ३०० टन भात वाळवले तरच यंत्राचा खर्च निघेल. कुरुवैची कापणी काही आठवड्यांत आटोपते. तेवढ्या दिवसांत इतके भात यंत्रावर येईल का, सभासद स्वतःचे भात तेथेच आणतील की चांगला दर देणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळतील, आणि सांब्यानंतर त्याच शेतांत घेतल्या जाणाऱ्या उडीद-मुगाची वाळवण या यंत्रावर करता येईल का, हे संचालकांनी बँकेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एकमेकांना विचारायचे असते.