रिकामी कपबशी : भातुकलीपासून कन्सोलवरील ‘जीवनखेळा’पर्यंत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• कल्पित खेळात भाषा कोणते कार्य करते, हे सांगता येईल.
• शब्दार्थ आणि सुरावली यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• आपल्या घरातील बोलीची उदाहरणे नोंदवून त्यांचे वर्णन करता येईल.

१. प्रास्ताविक

भातुकलीत पाहुण्यापुढे रिकामी कपबशी येते. पाहुणा फुर्रकन चहा पितो आणि साखर जास्त झाल्याची तक्रारही करतो. कपात खरा चहा असता, तर पाहुण्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला असता. कप रिकामा आहे, म्हणून तो शब्दांनी भरावा लागतो. या घटकात आपण हेच सूत्र आधुनिक खेळाला लावून पाहणार आहोत.

२. खेळाचे व्याकरण

भातुकलीची सुरुवात कशी होते ते आठवा. ‘मी आई झाले, तू पाहुणा झालास हं.’ येथे क्रियापद भूतकाळी आहे. पण घटना उच्चाराच्या क्षणीच घडते. उच्चारानेच कृती सिद्ध होते, म्हणून अशा विधानाला ‘वाक्कृती’ म्हणतात. शेवटचा ‘हं’ दुसऱ्याची संमती मागतो.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या उत्सवातही असाच खेळ आहे. सासर-माहेरची गाणी म्हणून मुली पुढे येणाऱ्या संसाराची जणू रंगीत तालीम करतात. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. डबा उघडा ठेवला, तर खेळच संपला.

३. ‘द सिम्स’ आणि निरर्थक बोली

विल राइट या अमेरिकी रचनाकाराचे घर १९९१ मध्ये ओकलंड येथील वणव्यात जळाले. संसार पुन्हा उभा करतानाच्या अनुभवाचा ‘द सिम्स’च्या कल्पनेला हातभार लागला. संगणकावरील हा खेळ २००० साली आला. यात घर बांधायचे, माणसे वसवायची आणि त्यांची भूक, झोप, नोकरी सांभाळायची. २००३ मध्ये तो कन्सोलवर, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या खेळयंत्रावर आला.

कन्सोल-आवृत्तीत दोन बदल लक्षणीय होते. पहिला बदल कथानकाचा. संगणकावरील खेळाला शेवट नव्हता; येथे मात्र पात्र आईच्या घरी राहते, बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्यासारखी कामे उरकते आणि मग घराबाहेर पडते. दुसरा बदल सोबतीचा. पडदा दुभागून दोघांना शेजारी बसून खेळता येते.

यातील पात्रे ‘सिम्लिश’ नावाची बनावट बोली बोलतात. तीच ती वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकून कंटाळा येऊ नये, म्हणून रचनाकारांनी ती अर्थहीन ठेवली. अभिनेत्यांनी उत्स्फूर्तपणे उच्चारलेल्या ध्वनींतून ती घडली. तिच्यात राग, लाडीगोडी, रडगाणे सारे कळते. कारण आवाजाचा चढउतार, आघात आणि विराम शाबूत आहेत. यालाच आपण ‘सुरावली’ म्हणतो. शब्दार्थ वजा केला, तरी सुरावली भाव पोहोचवते.

४. रिकामी जागा कोण भरतो?

आता समजा, वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार येथे एका घरात बहीण-भाऊ हा खेळ खेळत आहेत. पडद्यावरची बाई हातवारे करून काहीबाही बोलते. भाऊ विचारतो, ‘काऊन रडून राह्यली ते?’ बहीण सांगते, ‘तिले भूक लागली असन.’

या दोन वाक्यांत वऱ्हाडीची चार लक्षणे आहेत : ‘का’ऐवजी ‘काऊन’, अपूर्ण क्रियेसाठी ‘राह्यली’, ‘तिला’ऐवजी ‘तिले’ आणि ‘असेल’ऐवजी ‘असन’. खेळ इंग्रजीत अथवा प्रमाण मराठीत बोलला असता, तर ही वाक्ये बोलण्याची गरजच पडली नसती. मुले नुसती ऐकत बसली असती. पात्रांचे बोलणे अर्थाने रिकामे आहे, म्हणून घरची बोली तेथे शिरते. कन्सोल बैठकीच्या खोलीत असतो आणि शेजारी कोणी तरी बसलेले असते. म्हणून ती मोठ्याने बोलली जाते. या आवृत्तीची विलक्षण मोहिनी मला येथे दिसते.

आपल्यापैकी अनेकजण उत्तरपत्रिका लिहिताना घरची बोली उंबरठ्याआडच ठेवतात आणि तिला ‘अशुद्ध’ म्हणतात. परीक्षेत प्रमाणभाषा लिहावी, हे योग्यच. परंतु बोलीलाही नियम आहेत, हे वरील चार लक्षणांवरून स्पष्ट होते. ज्या बोलीत मूल कल्पना करते, ती बोली अभ्यासाचा विषय होण्यास सर्वथा पात्र आहे.

५. सारांश

भातुकलीतील रिकामा कप, भुलाबाईची झाकलेली खिरापत आणि सिम्लिश या तिन्हींत मुद्दाम राखलेली उणीव आहे. ती भरण्याचे काम खेळणाऱ्याची भाषा करते.

स्वाध्याय

१. ‘मी आई झाले’ या वाक्यातील भूतकाळाचे कार्य स्पष्ट करा.
२. घरातील लहान मुलांचा खेळ दहा मिनिटे ऐका. त्यांची पाच वाक्ये जशीच्या तशी लिहा. एकही दुरुस्ती करू नका. त्यांतील बोलीची लक्षणे नोंदवा.