हातांचे इसब आणि न थांबणारी खाज

प्रश्न : उल्हासनगरमध्ये जीन्स धुलाईचे काम करणाऱ्यांच्या हातांना भेगा पडून सतत खाज का सुटते, ती गोळ्यांनी का थांबत नाही आणि हे इसब इतरांना लागते का?
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : इसब म्हणजे एक्झिमा हा त्वचेचा दाह असून तो स्पर्शाने पसरत नाही. जीन्सला विटका रंग आणणारी पोटॅशियम परमँगनेट, हायपोक्लोराइट यांसारखी रसायने आणि दिवसभराचे पाणी त्वचेच्या बाह्य थरातील स्निग्धांश नष्ट करतात, त्यामुळे ओलावा निसटतो, रसायने आत शिरतात आणि रसायनांच्या स्पर्शाने होणारे इसब, म्हणजे ‘स्पर्शजन्य त्वचादाह’, उद्भवते. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांतही हाच धोका असतो. सुट्टीत त्रास ओसरणे आणि कामावर परतताच उलटणे ही त्याची मोठी खूण होय.

पित्ताच्या गांधींची खाज मुख्यतः हिस्टामिन या द्रव्यामुळे उठते. इसबात मात्र दाहपेशींनी सोडलेली इंटरल्यूकिन नावाची संदेशवाहक प्रथिनेही मज्जातंतूंना चेतवतात, आणि खाजवल्याने त्वचा अधिक फाटून दाह पुन्हा भडकतो, म्हणून हिस्टामिनला रोखणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही वेळा गुंगी आणत असल्या, तरी खाज फारशी हटवत नाहीत.

हात धुतल्यावर लगेच पेट्रोलियम जेली लावणे आणि जलरोधक हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालणे हा उपचाराचा पाया आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र घातकच, कारण तो विकार इसब नसून गजकर्ण असल्यास बुरशी त्याने फोफावते. कामगारांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना हाताळलेल्या रसायनांची नावे लिहून न्यावीत आणि पॅच टेस्टविषयी, म्हणजे पाठीवर पट्ट्या चिकटवून केल्या जाणाऱ्या अ‍ॅलर्जी तपासणीविषयी, आवर्जून विचारावे.