तान्ह्या बाळाला बाहेर कधी न्यावं?

प्रश्न : आमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. सकाळी त्याला घेऊन घटकाभर गच्चीवर जावं असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबरठ्याबाहेर काढायचं नाही, वारं लागतं. डॉक्टर म्हणतात, न्यायला हरकत नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर तुमचं बाळ दोन-तीन दिवसांचं असतानाच भर रस्त्यानं घरी आलेलं आहे. म्हणजे त्याची बाहेरच्या वाऱ्याशी ओळख झालेलीच आहे. आता पाहायचं ते एवढंच, की बाहेर त्याला नेमकं कशापासून जपायचं.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. बाळाची नाळ गळायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिले 28 दिवस बाळासाठी सर्वांत नाजूक. आईचं गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे जातात. बाळंतपणं घरी व्हायची आणि धनुर्वाताची लस नव्हती, त्या काळात मायलेकरांना एका खोलीत ठेवून परक्यांचा वावर कमी करणं हाच मोठा उपाय होता. शिवाय त्या निमित्तानं बाळंतिणीची चुलीपासून आणि पाणी भरण्यापासून सुटका व्हायची. पण सव्वा महिना हा काही एकच एक नियम नव्हे. पारस्कर गृह्यसूत्रात बाळाला बाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवण्याचा निष्क्रमण संस्कार चौथ्या महिन्यात सांगितला आहे.

आता वारं. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्यातून ऊब तयार होते. तान्ह्या बाळाला असं कुडकुडता येत नाही. त्यातून वजनाच्या मानानं त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते लवकर गार पडतं. सर्दी मात्र गार हवेनं होत नाही, ती विषाणूंमुळे होते, आणि ते येतात माणसांकडून. तेव्हा बाळाला जपायचं ते गारठ्यापासून. त्यासाठी आपल्या अंगावर असेल त्याहून एक थर जास्त पुरतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तोही नको. कानटोपी, स्वेटर, त्यावर दुपटं आणि वर शाल असं गुंडाळलं, तर बाळ उकाड्यानं हैराण होतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, या वयात ते असायचेच. मानेमागे बोटं लावून पाहा: तिथं उबदार लागलं तर ठीक, घाम असेल तर एक कपडा कमी करा. दुपट्यानं तोंड मात्र कधीच झाकू नका.

खरा धोका माणसांच्या श्वासाचा आणि हातांचा आहे. एका बारशाला मी पाळण्याजवळ उभा होतो. एक काका रुमालात खोकले, रुमाल खिशात ठेवला आणि त्याच हातानं त्यांनी बाळाची इवलीशी मूठ उघडून पाहिली. पुढच्याच क्षणी ती मूठ बाळाच्या तोंडात! ते बाळ तर उंबरठ्याच्या आतच होतं. आईकडून गर्भात आणि दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाजवळ असते, पण ती सगळ्याच रोगांना पुरत नाही. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात मिळतो. तोवर बारसं असो की शेजारीण पाहायला येवो, हात धुतल्याशिवाय कुणाला बाळ देऊ नका. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं लांबूनच पाहावं. हे सांगताना संकोच वाटतो खरा, तेव्हा ते काम घरातल्या आजीकडे द्या. तिचा शब्द कुणी मोडत नाही.

म्हणून गच्चीवर खुशाल जा. कोवळ्या उन्हाच्या वेळी, सावलीत, दहा-पंधरा मिनिटं. मात्र उन्हानं कावीळ उतरते या समजुतीवर विसंबू नका. बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यातला निळ्या प्रकाशाचा उपचार वेगळा आणि मोजून दिलेला असतो. लग्नाचा हॉल, जत्रा, मॉल हे सगळं दोन-तीन महिने राहू द्या. दुचाकीवर कुशीत धरून नेणं तर नकोच. दृष्ट लागेल अशी भीती वाटत असेल तर कपाळावर तीट लावा, पण डोळ्यांत काजळ घालू नका. त्यात शिसं असू शकतं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. या वयात ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटला पोचला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर रात्र असो वा पाऊस, लगेच दवाखाना गाठा.

आणि सासूबाईंना हेही सांगा : सव्वा महिना म्हणजे साधारण 38 दिवस, सहा आठवडे म्हणजे 42. त्यांचा हिशेब पुरा होतो, त्यानंतरच लस येते. ती तारीख कार्डावर बघून ठेवा आणि काही झालं तरी चुकवू नका.