फायरवॉल बंद करण्यापूर्वी
पिअर-टू-पिअर प्रक्षेपणात चित्रफीत एखाद्या मध्यवर्ती सर्व्हरवरूनच येते असे नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाचा संगणक तिचे तुकडे इतर प्रेक्षकांकडून घेतो आणि हाती आलेले तुकडे त्याच वेळी पुढे पाठवतो, म्हणून येथे प्रेक्षक हा नकळत वितरकही ठरतो. चीनमधील पीपीलाइव्हसारख्या सेवा २००४ च्या सुमारास या मार्गाने पुढे आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा नियमांनुसार अडवणारी व्यवस्था, आपोआप चालू राहू लागली; आदल्या वर्षी ब्लास्टर या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक संगणक कार्यक्रमाने, असुरक्षित संगणकांत घातलेला धुमाकूळ तेव्हा विस्मरणात गेलेला नव्हता.

अशा प्रक्षेपणासाठीच्या संगणक कार्यक्रमांच्या वापरकर्त्यांना पुनःपुन्हा येणारा अनुभव असा की एखादा सामना पाहताना चित्र अडखळते, कोणीतरी फायरवॉल बंद करण्याचा सल्ला देतो आणि सामना संपल्यावरही ती बंदच राहते. या सल्ल्याचा पायाच कच्चा आहे. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना मोकळीक देते आणि न मागता आत येणाऱ्या जोडण्या अडवते. दोन संगणकांपैकी एकाला जरी बाहेरची जोडणी स्वीकारता आली तरी देवाणघेवाण सुरू होते, त्यामुळे आतला मार्ग बंद असलेल्या प्रेक्षकालाही चित्र दिसते, फक्त त्याला सहकारी कमी मिळतात. अडखळण्याचे कारण बरेचदा निराळेच असते: पाठवण्याची मर्यादा न घातल्याने घरच्या जोडणीची अपलोड क्षमता संपून जाते आणि माहिती पोहोचल्याच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात. म्हणून आधी ही मर्यादा क्षमतेच्या पुष्कळ खाली घालून पाहावी.

तरीही परवानगी द्यावीच लागली, तर ती त्या एकाच कार्यक्रमाला आणि फक्त ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेल्या घरच्या नेटवर्कपुरती द्यावी. वसतिगृहातील वा रेल्वे स्थानकावरील वाय-फायसाठी देऊ नये. यूपीएनपी ही सोय चालू असल्यास कार्यक्रम राउटरमधील पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित मार्ग, मालकाला न विचारता उघडू शकतो, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते. फायरवॉल मात्र आयपी पत्ता लपवत नाही. तो सहभागी संगणकांना दिसतोच, आणि स्वामित्वहक्काची चित्रफीत पुढे पाठवल्याची जबाबदारीही फायरवॉलमुळे टळत नाही. कार्यक्रम काढून टाकल्यावर त्याला दिलेली परवानगी नियमांच्या यादीत मागे राहू शकते. ती शोधून स्वतः पुसावी लागते.