मनीचा विमानप्रवास

(नोकरीसाठी परदेशी जाणारी कुटुंबे आपण पाहतो. जाताना माणसांची तिकिटे काढली जातात. पण घरातल्या मांजरीचे काय? तिलाही विमानाने नेता येते. त्यासाठी कोणती तयारी करावी लागते आणि ती का करावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? नसेल, तर शेजारी तरी असेलच. दूध तापायला ठेवले, की ती पायांत घोटाळते. मासळी आणली, की पिशवीभोवती फेऱ्या मारते. थंडीत ती तुमच्या पांघरुणात शिरते. घरातले सगळे तिला आपलीच समजतात.

समजा, तुमच्या मांजरीचे नाव मनी आहे. तुमच्या अब्बांना लंडनमध्ये नोकरी मिळाली. सारे घर मुंबई सोडून तिकडे राहायला जाणार. बांधाबांध सुरू झाली. कपाट खालाजानकडे गेले. भांडी मामूंना दिली. अशा वेळी तुमची धाकटी बहीण विचारते, "आणि मनी?"

सगळे गप्प होतात. पाहा, कपाट देऊन टाकता येते. मनी मात्र जिवंत आहे. ती रोज संध्याकाळी दारात तुमची वाट पाहते. तिचा विचार आधीच करायला हवा होता. किती आधी? एक-दोन आठवडे पुरणार नाहीत. निदान चार महिने तरी हवेत!

इतका वेळ कशासाठी लागतो? त्याचे कारण आहे रेबीज हा रोग.

रेबीजचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात. असे जनावर चावले, की ते जखमेतून शरीरात शिरतात आणि हळूहळू मेंदूपर्यंत पोहोचतात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस असो वा जनावर, त्याचे वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र लस वेळेवर घेतली, तर हा रोग टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली गेली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो मुलगा वाचला.

आपल्या देशात रेबीज अजून आहे. ब्रिटनने मात्र १९२२ मध्ये आपल्या कुत्र्या-मांजरांतून हा रोग नाहीसा केला. तो पुन्हा आत येऊ नये, म्हणून तेथे फार कडक नियम होते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला सहा महिने वेगळे कोंडून ठेवत. याला 'क्वारंटाइन' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'करंतीना' हा शब्द ऐकला असेल. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. इटलीतील व्हेनिस शहरात पूर्वी साथीच्या भीतीने जहाजे चाळीस दिवस किनाऱ्यापासून दूर थांबवत. इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरून हे नाव पडले.

सहा महिने मांजरीने एका खोलीत काढायचे, ही मोठी शिक्षाच होती. पुढे लस आणि रक्ताची तपासणी यांवर लोकांचा भरवसा बसला. २००० मध्ये काही देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी हा नियम सैल झाला. २०१२ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या मांजरांनाही सहा महिने कोंडून राहावे लागत नाही. पण त्यासाठी सगळी कामे ठरलेल्या क्रमाने करावी लागतात. ती कामे आता पाहू.

पहिले काम चिपचे. मनीच्या खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, पशुवैद्य सुईने एक बारीक चिप बसवतात. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो. तपासणीचे यंत्र जवळ नेले, की तो क्रमांक यंत्रावर दिसतो. माणसाचा पासपोर्ट खिशात असतो. मनीची ओळख तिच्या अंगातच असते.

दुसरे काम रेबीजच्या लसीचे. ही लस चिप बसवल्यानंतरच टोचावी लागते. फार तर दोन्ही कामे एकाच दिवशी, आधी चिप आणि मग लस, अशी करता येतात. लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली, तर ती लस धरली जात नाही. ती पुन्हा टोचून घ्यावी लागते. कारण उघड आहे. चिप नसताना लस नक्की कोणत्या मांजरीला टोचली, हे सिद्ध कसे करणार? लसीच्या वेळी मांजर निदान बारा आठवड्यांचे असले पाहिजे.

तिसरे काम रक्ताच्या तपासणीचे. लस टोचल्यावर कमीत कमी ३० दिवस थांबावे लागते. मग मनीचे थोडे रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. लसीमुळे शरीरात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते.

चौथे काम सर्वांत अवघड. ते म्हणजे थांबणे! रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने मनीला ब्रिटनमध्ये नेता येत नाही. तुम्ही म्हणाल, "तपासणी तर चांगली आली, मग आता कशाला थांबायचे?" याचेही कारण आहे. रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर लगेच लक्षणे दिसत नाहीत. बहुतेक वेळा दोन-तीन महिने जातात. लस टोचण्याआधीच एखाद्या मांजरीला रोग जडला असेल, तर तो या काळात दिसून येण्याचा संभव असतो.

पाचवे काम दाखल्यांचे. ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य-दाखला घ्यावा लागतो. जनावरे देशाबाहेर नेताना आपल्या केंद्र सरकारच्या प्राणी-क्वारंटाइन विभागाचीही परवानगी लागते. या विभागाचे कार्यालय मुंबईतही आहे.

आता हिशेब करा. १ फेब्रुवारीला चिप आणि लस झाली. ५ मार्चला रक्त घेतले. तेथून तीन महिने म्हणजे ५ जून. मग १० जूनला मनी विमानात बसू शकते. घरच्या माणसांनीही तिच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास केला पाहिजे. त्याहून जास्त अंतर पडले, तर तिला विक्रीच्या जनावरांचे नियम लागू होतात आणि कागद वाढतात. आणि कागदांत चूक राहिली तर? मनीला चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, नाहीतर परत पाठवतात. चूक माणसाची, आणि शिक्षा मुक्या जिवाला!

कागद झाले. आता पिंजरा पाहू. पुठ्ठ्याचा खोका चालत नाही. मजबूत आणि हवा खेळती राहील असाच पिंजरा लागतो. मांजरीला त्यात ताठ उभे राहता आले पाहिजे, बसता, वळता आणि आरामात झोपता आले पाहिजे. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने त्यासाठी मापे ठरवली आहेत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या. तिच्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा. ही पिंजऱ्याची लांबी झाली. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे पिंजऱ्याची रुंदी. मनीची लांबी ४६ सेंटिमीटर, कोपराची उंची १६ सेंटिमीटर आणि खांद्यांची रुंदी १५ सेंटिमीटर असेल, तर पिंजरा आतून निदान ५४ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद हवा. उंची अशी हवी, की अंथरूण घातल्यावरही उभ्या मांजरीचे कान छताला लागू नयेत.

हा पिंजरा प्रवासाच्या दिवशी एकदम समोर आणू नका. कित्येक आठवडे आधी घरात आणा. दार उघडे ठेवून तो एका कोपऱ्यात खाली ठेवा. आत तिची जुनी चादर घाला. तिचे खाणेही कधीकधी आतच ठेवा. पहिल्या दिवशी मनी दुरून वास घेईल. चौथ्या दिवशी आत डोकावेल. आणि एके दुपारी ती आतच झोपलेली दिसेल! आता पिंजरा तिचे घर झाला. परक्या जागी हेच छोटे घर तिच्याबरोबर असेल.

काही लोक म्हणतात, "तिला झोपेचे औषध द्या, म्हणजे तिला कळणारही नाही." हा सल्ला मुळीच ऐकू नका. अशा औषधाने श्वास मंदावू शकतो, तोल जातो आणि विमानात तिच्याजवळ पाहायला कोणी नसते. पर्शियन मांजरासारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना तर एरवीही श्वास घेणे जड जाते. काही विमान कंपन्या अशा मांजरांना नेतच नाहीत. निघण्यापूर्वी काही तास आधी थोडेसेच खायला द्यावे आणि पाण्याचे भांडे पिंजऱ्याच्या दाराला आतून अडकवावे.

ब्रिटनला जाणारी मांजर प्रवाशाच्या मांडीवर बसून जाऊ शकत नाही. तिला विमानाच्या पोटात, मालाच्या कप्प्यात ठेवतात. घाबरू नका. जनावरे ठेवण्याच्या कप्प्यात हवेचा दाब माणसांच्या जागेइतकाच असतो आणि तेथे ऊबही राखली जाते. आत जिवंत जनावर आहे, हे वैमानिकाला कळवलेले असते. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. सुमारे नऊ-दहा तास मनी अंधारात, इंजिनाचा आवाज ऐकत बसून राहील. तुमची जुनी ओढणी किंवा सदरा आत असेल, तर त्या वासाने तिला धीर येईल.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जनावरांसाठी वेगळे स्वागत-केंद्र आहे. तेथे यंत्राने मनीची चिप वाचतात आणि कागदांवरचा क्रमांक ताडून पाहतात. याला काही तास लागतात. सर्व बरोबर निघाले, की पिंजरा तुमच्या हाती येतो.

नव्या घरी तिला आधी एकाच खोलीत ठेवा. ती पलंगाखाली लपेल, कदाचित दिवसभर खाणार नाही. तिला ओढून बाहेर काढू नका. जवळ बसा आणि नेहमीच्या हाकेने बोलवा. दोन दिवस झाले तरी खाल्ले नाही, तर पशुवैद्याला दाखवा.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट मांजर नेताच येत नाही. म्हणून बेत ठरताच त्या देशाच्या सरकारी कार्यालयाकडून माहिती घ्यावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

आणि सगळ्यांनाच मांजर नेणे जमत नाही. खर्च बराच येतो. कधी मांजर फार म्हातारी किंवा आजारी असते. अशा वेळी तिला न नेणे हा दोष नाही. पण जिन्याखाली किंवा मासळी बाजारात सोडून देणे हा मात्र मोठा दोष आहे. घरात वाढलेल्या मांजरीला रस्ता ओलांडता येत नाही, खाणे शोधता येत नाही. ती त्याच बंद दाराशी येऊन बसते. तिच्यासाठी चांगले घर शोधा. निघण्यापूर्वी तिला तेथे काही दिवस राहू द्या. तिच्या सवयी आणि लसीचे कागद नव्या धन्याला द्या.

हजरत अबू हुरैरा यांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. 'हुरैरा' म्हणजे मांजरीचे पिल्लू. मांजरीवरच्या मायेमुळे त्यांना हे नाव मिळाले आणि त्याच नावाने सारे जग त्यांना ओळखते. मनी स्वतःहून तुमच्या घरात राहायला आली नव्हती. तुम्ही तिला आणले, खाऊ घातले, हाक मारली. म्हणून घर बदलताना "आणि मनी?" हा प्रश्न शेवटी नको, सगळ्यांत आधी विचारा.

शब्दार्थ

बांधाबांध – सामान बांधण्याची घाई
पशुवैद्य – जनावरांचा डॉक्टर
प्रतिद्रव्य – रोगाशी लढण्यासाठी शरीरात तयार होणारा पदार्थ
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात का, ते पाहणे
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे
मुका जीव – बोलता न येणारा प्राणी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेबीजचे विषाणू कशात असतात?
(आ) मनीच्या चिपमध्ये किती अंकी क्रमांक असतो?
(इ) हीथ्रो विमानतळावर मनीचे काय तपासतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चिप आधी आणि लस नंतर, असाच क्रम असतो.
(आ) रक्त घेतल्यावर तीन महिने थांबावे लागते.
(इ) प्रवासात मांजरीला झोपेचे औषध देऊ नये.

प्र. ३. एका मांजरीला १० मार्च रोजी चिप बसवली आणि त्याच दिवशी लस टोचली. तिला ब्रिटनमध्ये लवकरात लवकर कोणत्या महिन्यात नेता येईल? हिशेब लिहा.

प्र. ४. मराठीतील काही शब्द उर्दूतही आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. 'दाखला' म्हणजे मराठीत प्रमाणपत्र, तर उर्दूत प्रवेश. 'खाली' म्हणजे मराठीत जमिनीच्या बाजूला, तर उर्दूत रिकामा. हे दोन्ही शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य लिहा.

प्र. ५. तुमचे शेजारी परगावी राहायला जात आहेत. त्यांची मांजर तुम्ही सांभाळणार आहात. तिच्याविषयी त्यांना विचारायचे पाच प्रश्न लिहा.