तीन विहिरी, तीन नावं : एसेक, सिटना, रहोबोथ

शास्त्रवाचन : उत्पत्ति २६:१२-३३



पवित्र शास्त्र वाचताना जागांची नावं आली की आपण भराभर पुढे जातो. पण त्या जागी काय घडलं, हे पुष्कळदा त्या नावातच साठवलेलं असतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातही तसंच आहे. वर्धा नदीवरच्या पुलावरून पुलगाव झालं. गांधीजी १९३६ साली सेगावला राहायला आले, पण त्यांची टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची. म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. अडचण टपालाची होती, नाव मात्र कामावरून पडलं.

आता इसहाकाकडे पाहू. दुष्काळाच्या काळात गरारात त्याने पेरणी केली आणि देवाने शंभरपट पीक दिलं. पलिष्ट्यांना हेवा वाटला. अब्राहामाच्या वेळच्या विहिरी त्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावं त्यांना दिली (वचन १८).

मग त्याच्या चाकरांना खोऱ्यात जिवंत पाण्याचा झरा लागला. लगेच गरारचे गुराखी आले, म्हणाले, पाणी आमचं. इसहाकाने त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिचं नाव सिटना, म्हणजे वैर. ‘सैतान’ हा शब्दही त्याच इब्री धातूतला आहे, त्याचा अर्थ विरोधी. तिसरीवरून कोणी भांडलं नाही. तिचं नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

प्रियांनो, हे आपल्याला चांगलं कळतं. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते. हरभऱ्याला ओलीत करायची वेळ येते, लाईट रात्रीची असते आणि पाळी कोणाची यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. पाणी दोघांच्याही वावरात जातं, पण घरात सिटना येऊन बसते.

इसहाकाने भांडणाला भांडणच म्हटलं, झाकून ठेवलं नाही. पण एसेकवर तंबू ठोकून तो बसलाही नाही. मग आपण आपला हिस्सा सोडूनच द्यायचा का? शास्त्र तसं सांगत नाही. तू आमच्यापेक्षा फार बलवान झालास, हे खुद्द अबीमलेखाने इसहाकाला म्हटलं होतं (वचन १६). म्हणजे तो भिऊन गेला नाही. पाणी देणारा देव पुढच्या जागीही आहे, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे तोच अबीमलेख समेट करायला आला. इसहाकाने तोंडावर विचारलं, तुम्ही माझा द्वेष करता, मग आता कशाला आलात? तरी त्याने त्यांना जेवू घातलं. सकाळी दोघांनी शपथ वाहिली. त्याच दिवशी चाकर सांगत आले, पाणी लागलं! त्या विहिरीवरून गावाचं नाव बैर-शेबा. हिंदीतला ‘बैर’ ऐकायची सवय असलेल्या आपल्याला हे नाव वैराचं वाटेल, पण इब्रीत ‘बैर’ म्हणजे विहीर. ‘शेबा’ या शब्दात सात हा आकडाही आहे आणि शपथही. अब्राहामानेही तिथेच सात मेंढ्या देऊन शपथ वाहिली होती (उत्पत्ति २१:२८-३१). बापाने केलेला समेट मुलाच्या काळात मोडला होता, मुलाने तो पुन्हा जोडला.

आज स्वतःला विचारा : आपल्या घराला, आपल्या धुऱ्याला लेकरं पुढे कोणतं नाव देतील? एसेक की रहोबोथ? आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला जेवायला बोलावता येईल का?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या मनातल्या बुजलेल्या विहिरी तू उकर. खरं बोलायला धीर दे, समेट करायला नम्रता दे, आणि आम्हांला तुझ्या ऐसपैस जागी आण. येशूच्या नावाने मागतो. आमेन.