टेंगूळ आलं, आता झोपू द्यायचं का?

प्रश्न : आमचा चार वर्षांचा मुलगा दिवाणावरून पडला आणि बघता बघता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. सासूबाईंनी ते तेल लावून चोळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मार बाहेर आला, आता काळजी नाही. फक्त झोपू देऊ नका." यात खरं काय?

उत्तर : आधी टेंगूळ येतं कसं ते पाहू. कपाळाची कातडी पातळ, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि खाली लगेच हाड. दणका बसला की बारीक वाहिन्या फुटून रक्त पाझरतं. मांडीला लागलं असतं तर ते मांसात पसरलं असतं. इथे आत हाड असल्याने ते बाहेरच फुगतं, म्हणून टेंगूळ झटकन येतं आणि मोठं दिसतं.

पण हे सगळं कवटीच्या बाहेर घडतं. आत मेंदूला काही झालं की नाही, हे टेंगळाच्या आकारावरून कळत नाही. मोठं टेंगूळ घेऊन मूल मजेत खेळतं, आणि क्वचित टेंगूळ नसतानाही आत इजा असते. तेव्हा 'मार बाहेर आला' म्हणून निर्धास्त होऊ नये. टेंगळापेक्षा मुलाकडे लक्ष द्यावं.

चोळणं मात्र नकोच. फुटलेल्या वाहिन्या मिटू लागलेल्या असतात, चोळल्याने त्या पुन्हा पाझरतात. पहिल्या दिवशी गरम शेकही त्याचसाठी टाळावा. बर्फाचे खडे पातळ पंचात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं हलकेच टेकवा. बर्फ थेट कातडीला लावू नका. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी चालते. खोक पडली असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. जखमेत हळद किंवा कॉफी भरू नका, डॉक्टरांना आधी तीच धुऊन काढावी लागते. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये.

आता झोपेचं. बेशुद्धीला झोप समजण्याची चूक होऊ नये, या भीतीतून हा सल्ला आला, आणि भीती खोटी नाही. पण रडून दमलेलं मूल झोपणारच. पडल्यावर ते नीट बोलत, चालत असेल तर झोपू द्या. पहिल्या रात्री एकदोनदा हलवून पाहा. ते कुरकुरलं, कूस बदलून पुन्हा झोपलं, तर ठीक.

ते उठतच नसेल, पडल्यावर थोडा वेळ जरी शुद्ध गेली असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, आकडी आली, बोलणं किंवा चाल अडखळली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर यातलं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

एकदोन दिवसांनी मुलाच्या डोळ्याखाली निळंजांभळं दिसलं तर दचकू नका. कपाळातलं रक्त हळूहळू खाली उतरतं, आठवडा-दोन आठवड्यांत जिरतं. मात्र कपाळाला लागलेलं नसताना दोन्ही डोळे काळेनिळे झाले तर लगेच दाखवा.

सासूबाई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर त्यांचं डोकं साध्या कपाटाच्या दाराला आपटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उतारवयात आतला रक्तस्राव सावकाश होतो आणि कधीकधी काही आठवड्यांनी, तोल जाणं किंवा विसरभोळेपणा दिसू लागल्यावर, लक्षात येतो.